तंबोरा कुणाच्या पट्टीचा घ्यावा?

सांगलीतल्या विश्रामबागच्या एका ताईंनी विचारलंय: "आम्ही दोघंही नोकरी करतो. शास्त्रीय संगीतातलं आम्हाला काही कळत नाही, पण मुलांच्या कानावर ते पडावं असं वाटतं. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चौदाचा. सासूबाईंना नाट्यपदं आवडतात. मागच्या महिन्यात सगळे मिळून एका मैफिलीला गेलो. मुलं अर्ध्या तासात चुळबुळायला लागली आणि खरं सांगायचं तर आम्हीही. मुलीला क्लास लावावा का? मिरज जवळ आहे, तर घरात तंबोरा घ्यावा का?"

ताई, मी मिरजेत चौतीस वर्षं गाणं शिकवते आणि हा प्रश्न दर जूनमध्ये, शाळा सुरू झाल्या की, कुणी ना कुणी विचारतंच. क्लासचं, तंबोऱ्याचं आणि त्याच्या पट्टीचं, म्हणजे गाणारा आपला सा ज्या उंचीवर धरतो तिचं, सांगते, पण आधी त्या मैफिलीचं बोलू.

चुळबुळ झाली यात मुलांचं काही चुकलं नाही आणि गवयाचंही नाही. बडा ख्याल बहुतेक वेळा विलंबित, म्हणजे संथ एकतालात असतो. मात्रा बारा, पण लय इतकी सैल की कधी कधी एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, पुरं व्हायला जवळजवळ मिनिट लागतं. ज्याला सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे माहीत असतं तो ते मिनिटभर ताणून बसतो, गवई कुठून कसा येऊन पडतो याची वाट बघतो. ज्याला सम म्हणजे काय हेच ठाऊक नाही त्याच्या हाती काय लागणार? क्रिकेटमध्ये रन कशाला म्हणतात हे न सांगता तुम्ही त्यांना पाच दिवसांच्या कसोटीला नेऊन बसवलंत.

म्हणून उलट्या टोकाने सुरुवात करा. द्रुत, म्हणजे जलद तीनतालातली कुठलीही छोटी बंदिश लावा आणि सगळ्यांनी फक्त तबला ऐका. तबला म्हणण्यापेक्षा डग्गा, डाव्या हाताखालचा. सोळा मात्रांत मध्येच डग्ग्याचा घुमारा बंद होतो, नुसती वरची टणटण उरते. ती खाली. मग चौदाव्या मात्रेला घुमारा परत येतो आणि तिथून मोजून तीन मात्रांवर सम. मुलांना एवढंच सांगायचं: घुमारा परत आला की तयार राहा आणि समेवर मांडीवर थाप मारा. पहिल्या दिवशी चौघांच्या थापा चार ठिकाणी पडतील, हसाल. आठवड्याभरात त्या एकत्र पडायला लागतात. ज्या दिवशी मुलगी गवयाच्या आधी समेवर पोचते, त्या दिवसापासून ती श्रोती. सुरांचं पुढे बघू. आमच्याकडे नवीन येणाऱ्या मुलांना पहिले पंधरा दिवस मी गळा उघडू देत नाही, हेच करवून घेते. पालकांना वाटतं बाई फी घेऊन नुसत्या टाळ्या वाजवायला लावतात.

आता सासूबाई. तुम्ही त्यांचा उल्लेख एका वाक्यात उरकलात, पण तुमच्या घरातला सगळ्यात मोठा ऐवज त्या आहेत. "आम्हाला काही कळत नाही" असं तुम्ही लिहिता आणि घरात रागदारी रोज गुणगुणली जात असते. सांगली-मिरजेच्या म्हाताऱ्या माणसांचं हेच आहे, त्यांना नाव सांगता येत नाही पण चाल पाठ असते. याला कारण आहे. विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवराचा खेळ १८४३ साली सांगलीतच केला. 'शारदा' नाटक लिहिणारे देवल हरिपूरचे. नाटककार खाडिलकर सांगलीचे. पलूस तालुक्यातलं नागठाणे हे बालगंधर्वांचं गाव. या भागात ख्याल घराघरांत शिरला तो दरबारातून नाही, नाटकातल्या पदांतून.

एक करून बघा. सासूबाईंना 'नाथ हा माझा' म्हणायला सांगा. १९१६ सालच्या स्वयंवर नाटकातलं हे रुक्मिणीचं पद, खाडिलकरांचं, चाल भास्करबुवा बखल्यांची, राग यमन. भास्करबुवा स्वतः मोठे ख्यालगायक, त्यांनी पदांना चाली दिल्या त्या रागाच्या अंगाने. सासूबाईंचं पद झालं की लगेच, मध्ये चहा न करता, यमनमधली एखादी द्रुत बंदिश लावा. 'एरी आली पिया बिन' कुठेही मिळेल, आमच्यातला प्रत्येक विद्यार्थी ती शिकलेला असतो. मुलांना विचारा, आजी जे म्हणाली आणि हे, यात काय सारखं वाटतं? काहीही उत्तर आलं तरी चालेल. माझ्याकडे एक मुलगा म्हणाला होता, "दोन्हीकडे वरती जाताना पायरी उंच आहे." त्याला तीव्र मध्यम, म्हणजे चढा म, म्हणतात हे मी त्याला सहा महिन्यांनी सांगितलं. शब्द आधी दिला असता तर तो ऐकायचा थांबला असता.

यमनला धरून राहा. सगळे स्वर शुद्ध, फक्त मध्यम तीव्र, वेळ संध्याकाळची, दिवेलागणीनंतरची. आज यमन, उद्या तोडी, परवा मालकंस, असं थाळीतल्या वाट्यांसारखं मांडू नका. पालकांची ही हौस मी फार बघितली आहे. फोनमध्ये चाळीस रागांची यादी करून ठेवलेली असते, मुलाला एकही ओळखता येत नाही. दोन महिने एकच राग, शक्यतो रोज तेवढ्याच वेळी, दहा-पंधरा मिनिटं. भाजी निवडताना चालेल, इस्त्री करताना चालेल. टीव्ही चालू ठेवून नको. आणि ऐकताना "किती छान ना?" असं मुलांना विचारू नका, त्यांना उगाच हो म्हणावं लागतं. आवड ही ओळखीच्या मागून येते. आपल्याला भडंग आवडतं ते काय कुणी त्याचं महत्त्व समजावून सांगितलं म्हणून?

रोज वेगळं हवंच असेल तर खाँसाहेब आहेतच. अब्दुल करीम खाँ मूळचे उत्तरेतल्या कैरान्याचे, म्हणून घराण्याला किराणा नाव पडलं, पण राहिले मिरजेत. त्यांच्या रेकॉर्डी जुन्या लाखेच्या, एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं मावायची. त्यामुळे आख्खं गाणं तेवढ्यात बसवलेलं आहे. लहान मुलांच्या दृष्टीने याहून सोयीचं काय? झिंजोटीतली 'पिया बिन नाही आवत चैन' आणि भैरवीतली 'जमुना के तीर', या दोनच घ्या. खरखर ऐकू येईल, आवाज लांबून येतो तसा वाटेल. मुलं पहिल्यांदा नाक मुरडतात. माझा अनुभव असा की सात-आठ वेळा ऐकलं की खरखर नाहीशी होते. कानच ती बाजूला काढतो.

त्यांच्या शेवटाची गोष्टही मुलांना सांगा. १९३७ च्या ऑक्टोबरात खाँसाहेब मद्रासकडून पाँडिचेरीला निघाले होते. वाटेत अस्वस्थ वाटायला लागलं म्हणून सिंगपेरुमाळकोईल नावाच्या छोट्या स्टेशनवर उतरले. सांगतात की फलाटावरच अंथरूण टाकून, तंबोरा लावून घेऊन ते दरबारी गायले आणि तिथेच गेले. त्यांना आणलं मिरजेला. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची तुरबत आहे. विश्रामबागहून मिरज ते किती लांब? एका रविवारी मुलांना घेऊन या, तुरबत दाखवा, आणि घरी जाऊन तीच तीन मिनिटांची रेकॉर्ड पुन्हा लावा. मग तो आवाज लांबून येत नाही.

मैफिलीला परत जायचं असेल तर दर्ग्याच्या उरुसातलं गाणं आणि अंबाबाईच्या देवळातला नवरात्रातला उत्सव, हे दोन सोडू नका. तिथे लोक येतात, बसतात, उठून जातात, मुलं झोपतात, कुणी वळून बघत नाही. उरूस चांद्र तिथीने असतो, दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकतो, त्यामुळे तारीख आधी विचारून घ्या. बसताना मध्ये नको, तबलजी नीट दिसेल अशा कडेला बसा, कारण मुलांना हात बघायचे असतात. पाऊण तास झाला की चांगलं चालू असतानाच उठा. माझ्या नात्यातले एक जण शेवटची भैरवी झाल्याशिवाय उठणं हा अपमान समजायचे. त्यांच्या मुलांपैकी एकही आज गाण्याला जात नाही.

चित्रांचंही हेच, म्हणून जाता जाता सांगते. तुमच्या प्रश्नात ते नाही, पण एक दिवसाची सहल होते. विट्याच्या रस्त्याने औंधला जा. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रं काढणारे राजे, त्यांनी १९३८ साली यमाईच्या डोंगरावर श्री भवानी संग्रहालय उघडलं. रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत, हेन्री मूरचं आई-मुलाचं दगडी शिल्प आहे. सगळं बघायला जाऊ नका, पाय दुखतात आणि काही लक्षात राहत नाही. प्रत्येकाने एकच वस्तू निवडायची, तिच्यासमोर पाच मिनिटं उभं राहायचं आणि परत येताना गाडीत ती न बघता सांगायची. गाण्याशीही औंधचा संबंध आहेच, गायक गजाननबुवा जोशी यांचं नाव त्या गावाशी जोडलेलं आहे.

आता क्लास. लावा, पण कशासाठी लावताय ते आधी आपापसांत ठरवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून सुरू होतात, मग प्रवेशिका, मध्यमा, विशारद, अलंकार. विष्णु दिगंबर पलुसकर मिरजेत बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले आणि १९०१ साली लाहोरला त्यांनी विद्यालय काढलं, त्यातून ही सगळी वाट तयार झाली. गाणं शिकण्यासाठी गुरूच्या घरी राहून पाणी भरावं लागायचं, ते सामान्य घरातल्या मुलीला दुपारी चार ते पाच शिकता यायला लागलं. मी स्वतः त्याच वाटेने आले, त्यामुळे परीक्षांना नावं ठेवणार नाही. पण दहावीला कलेचे वाढीव गुण मिळायला लागल्यापासून माझ्याकडे येणाऱ्यांतले निम्मे आधी विचारतात, "मध्यमा दहावीच्या आत होईल ना?" होते. ठरावीक राग घोटून, आलाप-ताना वहीत लिहून, पाठ करून होते. दहावीचा निकाल लागला की वही माळ्यावर. नऊ वर्षांच्या मुलीला दोन वर्षं परीक्षेशिवाय शिकवायला तयार असणारी बाई किंवा बुवा शोधा. पहिल्याच दिवशी फॉर्म पुढे करणाऱ्यांना नमस्कार करून या.

आणि घरी रियाजाला बसवायचं काम आईबापांनी करू नये. हे मी अगदी ठामपणे सांगते, कारण मी ते केलंय. माझ्या मुलाला पहाटे पाचला उठवून खर्जाला, म्हणजे खालच्या सुरांच्या रियाजाला बसवायची. गाणाऱ्या बाईचा मुलगा, आवाज चांगला, मला काय काय दिसत होतं. सातवीत असताना एके दिवशी त्याने माझ्या तंबोऱ्याच्या चारही तारा कापल्या. पक्कडने, एकेक करून, शांतपणे. मी ओरडलेसुद्धा नाही. आज तो पुण्यात नोकरी करतो, गात नाही. ऐकतो का, ते मी विचारलेलं नाही.

म्हणून तुमच्या चौदा वर्षांच्या मुलाला यातलं काहीही करायला लावू नका. त्याला समेच्या खेळात घ्या, आला तर आला. नाही तर त्याला एक वेगळी गंमत द्या. तंबोऱ्याच्या चौथ्या, खर्जाच्या तारेला पंचम नाही की गंधार नाही, ती नुसती षड्जाला, म्हणजे सा ला लावलेली असते. पण तंबोरा नीट लागला की त्यातून गंधार ऐकू येतो, कुणीही न छेडलेला. त्याला आम्ही स्वयंभू गंधार म्हणतो. यात चमत्कार काही नाही. तार एकाच वेळी दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट कंपनांनीही थरथरते, त्यातली पाचपट म्हणजे गंधार. काळी चारचा, म्हणजे पेटीची चौथी काळी पट्टी सा धरली तर तिचा, खर्ज साधारण १०४ हर्ट्झचा, त्याची पाचपट ५१९. फोनवर ध्वनीचा आलेख दाखवणारं ॲप घेतलं तर ते शिखर डोळ्यांनी दिसतं. मग त्याला पेटीवर तोच गंधार वाजवायला सांगा: ५२३. चार हर्ट्झ चढा. पेटीचे स्वर समान भागांत बांधलेले, तंबोऱ्याचा स्वर निसर्गाचा, आणि ही भानगड एकदा कळली की पेटी साथीला घ्यावी की नाही यावर लोक शंभर वर्षं का भांडले तेही कळतं. एका इंजिनिअर बापाने माझ्याकडे बसून हे मोजलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच शिकायला आला. त्याची मुलगी क्रिकेटला गेली.

तर तंबोरा. एकदम विकत घ्यायला जाऊ नका. पहिलं वर्ष फोनवरचा तानपुरा चालेल, फक्त तो छोट्या का होईना स्पीकरला जोडा. फोनच्या आतल्या स्पीकरमधून खर्ज येतच नाही, त्यामुळे ऐकू येते ती नुसती किणकिण. वर्षभरात घरात कुणी तो आपण होऊन लावायला लागलं, तर मिरजेला या.

सतारमेकर गल्लीत नुसतं फिरलात तरी मुलांची दुपार जाईल. भोपळे भीमेकाठचे, पंढरपूरकडचे, कडू जातीचे, महिनोन्‌महिने वाळवलेले. दांडी तुणीच्या लाकडाची. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, पण तिथल्या कारागिरांच्या घरांत हे काम अनेक पिढ्यांचं आहे. दुकानात गेल्यावर नक्षी बघू नका. जवारी, म्हणजे तारांखालची घोडी घासून गुंजन आणणं, लावताना बघायला मिळतं का ते विचारा. घोडी वरून सपाट दिसते, पण ती किंचित उतरती घासलेली असते, म्हणजे तार तिला एका टोकाला टेकता टेकता सुटते. ते घासणं डोळ्यांनी करतच नाहीत. कारागीर दोनदा कानस फिरवतो, तार छेडतो, मान वाकडी करून ऐकतो, पुन्हा एकदा फिरवतो.

आणि मग दोरा. तार आणि घोडी यांच्यामध्ये साधा सुती दोरा सारतात. माझ्याकडची एक दहा वर्षांची मुलगी, वर्गात कधी तोंड न उघडणारी. तिला मी एकदा सांगितलं, मी तार छेडत राहते, तू दोरा हलव. तिने ओढला, तार टण्ण करून मेली. उलटा सारला, बोथट झाली. तिसऱ्यांदा तिने श्वास धरला आणि दोरा केसाएवढा पुढे सरकवला. तार उघडली. खोलीभर ते गुंजन पसरलं, तशी तिने झटकन हात मागे घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "अजून तीन आहेत." त्या दिवशी आम्ही गायलोच नाही. तासभर ती दोरेच लावत होती.

ही गोष्ट फोनच्या तानपुऱ्यात मिळत नाही, आणि माझ्या मते खरा तंबोरा घरात असण्याचं हेच एक कारण आहे. तो रोज थोडा उतरतो. उकाड्यात उतरतो, पावसात उतरतो, कुणी शेजारून पळत गेलं तरी उतरतो. कुणाला तरी तो परत लावावा लागतो, आणि लावायचा तर ऐकावं लागतं. सूर बारीक जुळवायचा मणी किती सरकवायचा, खुंटी घसरत असेल तर तिला खडू लावायचा, पावसाळ्यात भिंतीला टेकवायचा नाही, बरेच दिवस वापर नसेल तर तारा सैल सोडायच्या. एवढी देखभाल नऊ वर्षांच्या मुलीला येते. काचेच्या कपाटात ठेवणार असाल तर मात्र घेऊ नका.

राहिली पट्टी. दुकानात विचारतील, कुणासाठी? तुम्ही म्हणाल मुलीसाठी. मुलीचा आवाज अजून ठरलेला नाही, पुढच्या चार-पाच वर्षांत पट्टी बदलणार, आणि तंबोऱ्याचा आकार आणि तारांची जाडी पट्टीप्रमाणे निवडतात. शिवाय तिचा म्हणून आणलेला तंबोरा लगेच तिचा अभ्यास होतो. सासूबाईंना सोबत घेऊन या. दुकानातच 'नाथ हा माझा' म्हणायला लावा, लाजतील, पण एक ओळ म्हणतील. कारागीर त्यावरून पट्टी काढून देतो, त्या पट्टीचा घ्या.